उजनीकाठचा ‘बीच’

बारामतीला समुद्र नाही, हे सांगायला भूगोलाचा अध्यापक लागत नाही. आमच्या घरात तशी एक अध्यापिका आहे. तरीही गेल्या माघात, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचे निमित्त करून, आम्ही उभयता इंदापूर तालुक्यातील एका ‘बीच रिसॉर्ट’मध्ये दोन रात्री राहून आलो. आमच्यापैकी दुसरा मराठी शिकवतो. त्यामुळे ‘बीच’ या शब्दाखाली प्रत्यक्षात काय निघते याचे कुतूहल त्याला अधिक होते, आणि पैसे भरण्यापूर्वी चार ठिकाणी चौकशी करावी ही बुद्धी कमी. असो.

पाणी उजनीचे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पुरे झाले. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण तिच्यामागे तुंबलेले पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांच्या रानांत शिरलेले आहे. सरकारी कागदांत या जलाशयाला ‘यशवंतसागर’ म्हणतात. पर्यटकांसाठीच्या पाट्यांवर ‘बॅकवॉटर’ असते. जुनी माणसे आणि पाटबंधारे खात्यातील मंडळी ‘फुगवटा’ म्हणतात. आम्हांला विचाराल तर या तिन्हींत फुगवटा हाच शब्द प्रामाणिक आहे. जिथे नव्हते तिथे पाणी फुगून आले, एवढेच तो सांगतो, आणि फुगण्यात जी एक दुखरी छटा आहे तीही लपवत नाही. ‘बीच’ हा या मालिकेतला चौथा आणि सर्वांत नवा शब्द.

देशावरच्या माणसाचे समुद्राशी असलेले नाते मुळात शब्दांतलेच आहे. कऱ्हेकाठी आयुष्य काढून १७९४ साली बारामतीतच देह ठेवणाऱ्या मोरोपंतांपासून ते पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या साध्या वारकऱ्यापर्यंत सर्वांच्या तोंडी भवसागर, भवसिंधू, तारू आणि नावाडी ही भाषा सहज आहे. त्यांतल्या किती जणांनी खारे पाणी जिभेवर घेतले असेल, कोण जाणे. ज्याला समुद्र रोज दिसतो त्या कोळ्याला तो ओलांडण्याचे रूपक इतके जवळचे वाटेल की नाही, याचीही शंका आहे. तेव्हा न पाहिलेला समुद्र कल्पनेने दारात आणून ठेवण्याची खोड आम्हांला जुनीच. इंदापूरच्या त्या रिसॉर्टवाल्याने फार वेगळे काय केले? आमच्या पूर्वजांनी शब्दांत आणलेला समुद्र त्याने वाळूत आणला.

वाळू मात्र खरोखरच आणलेली होती. काळ्या रानावर दोन-तीन गुंठ्यांत पांढरट वाळूचा थर पसरलेला, त्यावर वेताच्या छत्र्या, खुर्च्या, ठिबकवर वाढवलेली सहा माड. ही वाळू कुठली, असे आम्ही विचारले तेव्हा व्यवस्थापक नुसता हसला. भीमेच्या पात्रातला वाळूउपसा आणि त्यासाठीच्या बोटी महसूल खात्याने जिलेटिन लावून उडवल्याच्या बातम्या इकडे वर्षानुवर्षे वाचायला मिळतात, त्यामुळे आम्हीही पुढे विचारले नाही. वाळूवरून चार पावले जोरात टाकली की खालची काळी माती वर येई. खोल्यांना गोव्याच्या किनाऱ्यांची नावे होती. कळंगुट, बागा, हणजूण अशी ओळ ओलांडून आम्ही ‘पाळोळे’त उतरलो. खोली स्वच्छ होती, हे आधीच सांगितले पाहिजे. चादरी धुतलेल्या, मच्छरदाणी नवी. गरम पाणी सकाळी सातपर्यंतच, आणि ते सातपर्यंतच असते हे आम्हांला सव्वासातला कळले. खिडकीला ‘सी व्ह्यू’ म्हटले होते. त्या खिडकीतून वाळू दिसत होती, तिच्यापुढे शे-दोनशे पावले ओला चिखल, आणि त्यापलीकडे पाणी.

हा चिखल तक्रारीचा विषय आहे की नाही, यावरून आमच्यात पहिला वाद झाला. जाहिरातीतल्या चित्रात पाणी थेट छत्रीच्या पायाशी होते. ते चित्र खोटे नव्हते. ते भाद्रपद-आश्विनातले होते. धरण भरले की पाणी तेथवर येते. पुढे कालव्यांची आवर्तने सुटू लागली, नदीत पाणी सोडले गेले, की ते मागे हटत जाते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक पाणी ‘मृतसाठा’ या सदरात मोडते. या मेलेल्या पाण्यावरही माणसे जगतात, म्हणून धरणाची पातळी उणे टक्क्यांत मोजण्याची विलक्षण पद्धत येथे रूढ आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली होती, आणि पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ उघडे पडले होते. अशा पाण्याकाठी कायमचा किनारा विकणे म्हणजे तिथी न सांगता चंद्र विकणे. आमच्यातल्या भूगोलाने हे सर्व समजावून सांगितले आणि वर निर्णय दिला की दोष पाण्याचा नाही, तारीख न छापणाऱ्या जाहिरातीचा आहे. मराठीने मान हलवली.

पण याच चिखलाने आम्हांला त्या दोन दिवसांतले सर्वांत मोठे सुख दिले. रोहित पक्षी – कोणी त्यांना अग्निपंख म्हणतात – भरल्या पाण्यात उतरत नाहीत. त्यांना पाय टेकतील असे उथळ पाणी आणि चोच घालायला गाळ लागतो. पाणी चांगले ओसरले की मगच ते इकडे येतात. ज्या वर्षी धरण तुडुंब भरते त्या वर्षी ते उशिरा येतात, असे येथले नावाडी सांगतात. म्हणजे छत्रीच्या पायाशी निळे पाणी आणि समोर गुलाबी पक्ष्यांची रांग हे दोन्ही एकाच चित्रात मागणाऱ्याने निसर्गाशीच तंटा मांडलेला असतो. रिसॉर्टच्या माहितीपत्रकावर नेमके तेच चित्र होते. पहाटे आम्ही खिडकीत उभे राहिलो तेव्हा त्या ‘सी व्ह्यू’चा लाजिरवाणा चिखल पक्ष्यांनी भरलेला होता. पट्टकादंब होते, शेकाट्या होत्या, दूर एका वठलेल्या खोडावर मत्स्यगरुड बसलेला. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ आम्ही बरोबर नेला होता. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, त्यानंतर प्रथमच तो हाती घेतला. भूगोलाने पाने उलटावीत आणि मराठीने नावे मोठ्याने वाचावीत, असा तासभर गेला. एवढ्यासाठी दोन रात्रींचे पैसे आम्ही पुन्हा देऊ.

रात्र मात्र कळंगुटची होती. पलीकडच्या हिरवळीवर कोणाचे तरी ‘प्री-वेडिंग’ चालले होते आणि ध्वनिवर्धक अकरापर्यंत. जेवणाच्या पत्रिकेत गोवन फिश करी, सुरमई फ्राय, पापलेट तंदुरी. आम्ही सुरमई मागवली. ती शीतपेटीत बरेच दिवस काढलेली, चवीला कापसासारखी. येथून हाकेच्या अंतरावर मासळीचा लिलाव चालतो, भिगवणला थांबून मासे खाण्यासाठी पुण्या-सोलापूरची माणसे गाडी वळवतात, आणि आम्ही मात्र दोन-तीनशे किलोमीटरवरून बर्फात आलेला मासा गोव्याच्या नावाने खात होतो. वर्गात देशीवाद शिकवणाऱ्या माणसाने इंदापूर तालुक्यात सुरमई मागवावी, याची नोंद आमच्यातल्या भूगोलाने तेव्हाच करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला भटकत गेलो. तेथे सर्व नोकर ज्यांना मावशी म्हणत त्या बाई कामगारांसाठी कालवण करत होत्या. चिलापीचे, काळ्या मसाल्यातले, ज्वारीच्या भाकरीबरोबर. वास घेऊन आम्ही उभे राहिलेले पाहून त्यांनी दोन ताटल्या पुढे केल्या. हे पत्रिकेत का नाही, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “आवो बाई, चिलापीला कोण पैसं देतंय? लोकं घरचं खायाला हितं येत्यात व्हय?”

या प्रश्नाशी आम्हांला थोडे थांबावेसे वाटते, कारण टीका करणाऱ्याची पंचाईत यातच आहे. असले ठिकाण पाहिले की साहित्याच्या माणसाला जे पहिले सुचते ते म्हणजे अनुकरणाची थट्टा. माडांची थट्टा, पाळोळ्याची थट्टा, फुगवट्याला सागर म्हणण्याची थट्टा. ती आम्हीही वर केली आहे, आणि करताना मजा आली हेही कबूल आहे. पण संध्याकाळी रिसॉर्टचा मालक आमच्याजवळ येऊन बसला. पस्तिशीचा, बोलका गृहस्थ. त्याच्या आजोबांची बरीचशी जमीन धरणात गेली. काठावर उरलेल्या तुकड्यावर हा उद्योग उभा आहे, बँकेच्या कर्जावर. सुरुवातीला त्याने ‘कृषी पर्यटन केंद्र’ अशी पाटी लावली होती. ती कल्पना येथे परकी नव्हे. बारामती परिसरात असे प्रयोग २००५ च्या सुमारासच सुरू झाले, २०२० मध्ये राज्याने त्यासाठी धोरणही आणले. “पण सर,” तो म्हणाला, “त्या पाटीखाली लोक घासाघीस करायचे. म्हणायचे, भाकरी-पिठल्याचे एवढे पैसे? डबे घरून आणायचे. मग वाळू टाकली, पाटी बदलली. त्या मोसमात शनिवार-रविवार एकही खोली रिकामी राहिली नाही.”

म्हणजे गोवा येथे मालकाने आणलेला नाही. तो आमच्यासारख्यांनी, दर घासाघीस करत, आपल्याबरोबर आणला. आपल्या ताटातल्या चिलापीला आपण किंमत देत नाही, आणि मग सुरमई शिळी निघाली म्हणून समोरच्याच्या अभिरुचीवर निबंध लिहितो. परभृत वाङ्मयाबद्दल तक्रार करणाऱ्या वाचकाने स्वतःच्या कपाटाकडे एकदा पाहावे, तसाच हा प्रकार. अभिरुचीच्या बाबतीत या माणसांना धारेवर धरण्याचा अधिकार आम्हांला आहे असे वाटेनासे झाले.

मराठी प्रवासवर्णनांकडे या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये (ते पुस्तक १९०७ साली छापले गेले, प्रवास सत्तावनच्या धामधुमीतला) मुक्काम म्हणजे कोणाचा तरी आश्रय असतो; यजमान आणि आश्रित हे नाते स्पष्ट असते. ‘अपूर्वाई’च्या (१९६०) काळापर्यंत प्रवासी पैसे मोजून राहू लागला, पण अजून तो बावरलेला पाहुणाच आहे, आणि त्या बावरण्यातून विनोद निघतो. त्यानंतरच्या आपल्या लेखनात स्थळे पुष्कळ, सूर्यास्त तर अमाप. जेथे रात्र काढली त्या जागेचे, तिथे राबणाऱ्या माणसांचे आणि दिल्या-घेतल्या पैशांचे वर्णन करायला मात्र भाषा घडलीच नाही. ‘सोय उत्तम होती’ किंवा ‘सोय बेताची होती’ यापलीकडे आपण जात नाही. त्यामुळे तक्रार करायची वेळ आली की आपण एकतर गिऱ्हाईक होऊन भांडतो, नाहीतर पाहुणा होऊन गप्प बसतो.

आम्हांला भांडावे लागले ते नावेच्या वेळी. पहाटे सहाला निघायचे ठरले होते. काठाशी गेलो तर पाच प्रवाशांसाठी तीन जाकिटे, त्यांतल्या एकाची बक्कल तुटलेली, सुतळीने बांधलेली. बरोबरचे कुटुंब चढूनही बसले. आमच्यातली भूगोलाची अध्यापिका चढेना. २१ मे २०२४ रोजी याच फुगवट्यात, करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला येणारी नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. ती काही सहलीची नाव नव्हती. या काठची माणसे त्या काठी जायला जी रोज वापरतात ती. धरणाने मधले रस्ते बुडवल्यावर रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून नाव. व्यवस्थापक म्हणाला, “मॅडम, पाणी शांत आहे.” ती म्हणाली, “त्या दिवशीही निघताना शांतच असेल.” मराठी गप्प होता. खरे सांगायचे तर त्याला संकोच वाटत होता. ज्यांची जमीन गेली, ज्यांनी कर्ज काढून हे उभे केले, त्यांच्याशी दोन जाकिटांवरून हुज्जत घालावी हे त्याला बरे दिसेना. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) त्याने कित्येक वर्षे शिकवली आहे. धरणग्रस्त म्हटला की त्याच्या तोंडचे शब्द आपोआप मऊ होतात. त्यावर तिने जे ऐकवले ते आम्ही येथे तसेच नोंदवतो: “त्यांच्यावर अन्याय झाला म्हणून यांची बक्कल लागत नाही. आणि आपण दोन तासांनी उतरून घरी जाऊ. हा नावाडी रोज याच नावेत असतो, त्याच्या अंगात तर एकही जाकीट नाही.”

नावाड्याकडे तोवर आमचे लक्षच गेले नव्हते.

पाऊण तासाने शेजारच्या काठावरून जाकिटे आली, नावाड्यासाठीही एक. सूर्य वर आला होता, पक्षी पांगले होते, बरोबरचे कुटुंब आमच्यावर नाराज. नावाडी मात्र खुशीत होता. आमच्यातल्या तिला त्याने ताई म्हटले, आणि त्या नात्याने दुसऱ्याला आपोआप दाजी केले. दोन दिवस ‘सर-मॅडम’ ऐकल्यानंतर ते फार बरे वाटले. मधल्या पाण्यात इंजिन बंद करून तो म्हणाला, “हितं खाली आमची पांढरी हाय, ताई. म्या नाय बघितली. बापानं दाखवली, अशीच नावंतनं.” काळी म्हणजे रान आणि पांढरी म्हणजे गावठाण, हे आम्ही वर्गात फळ्यावर लिहून देतो. त्या पाण्यावर तो शब्द वेगळाच ऐकू आला, आणि किनाऱ्यावर काळीवर अंथरलेली ती विकतची पांढरी वाळू आठवली. पण नावाड्याला त्यात फार दुःख दिसले नाही. उन्हाळ्यात पाणी उतरले की गाळपेराला जमीन निघते, तीत तो मका करतो. हिवाळ्यात पक्षी दाखवतो, उरलेल्या दिवसांत जाळे टाकतो. पाण्याची त्याची तक्रार एकच, की ते हिरवे पडते आणि कधी कधी वास मारते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून येथे येते. आमचे अर्धे नातेवाईक पुण्यात राहतात, हे त्याला सांगण्याचा धीर आम्हांला झाला नाही. हेच पाणी आषाढीच्या वेळी भीमेत सोडले जाते आणि पंढरपुरात चंद्रभागा होते.

तेव्हा आमचे मत आता असे झाले आहे, आणि ते उभयतांचे मिळून आहे: अशा ठिकाणांविषयी बोलताना आपण नेमक्या उलट जागी कठोर आणि उलट जागी उदार होतो. माड, वाळू, खोल्यांची नावे, पत्रिकेतली सुरमई यांवर आपली जीभ सैल सुटते. त्या रुचीत आपला निम्मा वाटा असतो हे विसरून. आणि जाकीट, बक्कल, नावाड्याचा जीव, मावशींचे कामाचे तास येथे मात्र आपण सुसंस्कृतपणे डोळे मिटतो. का, तर ‘बिचारे गरीब आहेत’, ‘खेड्यातली माणसे आहेत’. याला सहानुभूती म्हणायचे असेल तर म्हणावे. या तालुक्यातून दरवर्षी तुकोबांची पालखी जाते, इंदापुरात रिंगण होते, अनोळखी माणसांच्या झुंडीला गावे जेवू घालतात आणि निजायला जागा देतात. पाहुण्याचे काय करायचे हे येथल्या लोकांना आम्ही शिकवायला नको. पैसे घेतल्यावर काय द्यावे लागते, हे मात्र कोणीतरी त्यांना स्पष्ट सांगायला हवे, आणि ते बरोबरीच्या माणसाला सांगावे तसे सांगायला हवे.

निघताना मालकाने अभिप्रायाची वही पुढे केली. बहुतेक पानांवर ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘पुन्हा येऊ’. आम्ही पाऊण पान लिहिले. मराठीने मावशींच्या कालवणाबद्दल लिहिले, ते पत्रिकेत घ्यावे आणि सुरमईच्या दराने विकावे असे सुचवले, चिखलातल्या पक्ष्यांचे वर्णन केले, आणि जाहिरातीच्या चित्राखाली महिना छापावा अशी विनंती केली. भूगोलाने खाली चार ओळी लिहिल्या: जाकिटे तीन, बक्कल तुटकी, नावाड्याला एकही नाही, तारीख आणि वेळ. मालकाने उभ्याउभ्याच सगळे वाचले. कालवणापाशी हसला. मग म्हणाला, “मॅडम, आजच्या आज दहा जाकिटं मागवतो. शप्पत. पण ते शेवटचं तेवढं खोडता आलं तर बघा ना. पुढचे लोक वाचतात.”

“म्हणूनच लिहिलंय,” ती म्हणाली.

त्याने वही मिटली नाही. बराच वेळ त्या पानाकडे पाहत उभा राहिला आणि मग व्यवस्थापकाला हाक मारून दुकानदाराचा फोन नंबर मागू लागला. आम्ही बॅगा उचलल्या. फाटकाशी नावाडी भेटला. जाकीट अजून अंगातच होते.